पाचव्या महिन्यातलं केशर आणि चौथ्या आठवड्यातली नळी

सोलापुरात बाळाच्या मेंदूची काळजी सुरू होते पाचव्या महिन्यात. बदाम, केशर, गर्भसंस्काराचे वर्ग. खुशाल करा, पण मेंदूचा पाया तोवर कधीच घालून झालेला असतो.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाठीकडचा पेशींचा चपटा पट्टा दुमडून नळी होऊ लागते. हीच न्यूरल ट्यूब, मेंदू आणि मज्जारज्जू हिच्यातूनच घडतात. डोक्याकडचं तोंड 25व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, कमरेकडचं 28व्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदू घडतच नाही, बाळ वाचत नाही. खालचं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट मिटत नाही. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हा सहावा आठवडा. पाळी चुकल्याचं कळतं चौथ्यात. उरले किती? दोन!

नळीच्या आतल्या बाजूच्या मूळ पेशी आधी फक्त स्वतःची संख्या वाढवतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. चेतापेशी त्यानंतर. मूळ पेशी रेडियल ग्लिया होतात, मग विभागताना एक पेशी मूळच राहते, दुसरी चेतापेशीच्या वाटेला लागते. ग्लियाचे लांब तंतू मागावरच्या ताण्यासारखे आतून बाहेर ताणलेले असतात आणि नवी चेतापेशी त्यांना धरून वर सरकते. मेंदूच्या सालीत आधी आलेल्या खाली थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. सालीतल्या बहुतेक चेतापेशी सहावा महिना संपेपर्यंत तयार असतात. जोडण्या मात्र पुढे वर्षानुवर्षं होत राहतात, त्यामुळे नंतरचा आहार वाया जात नाही. पण सुरुवातीला मूळ पेशीच मेल्या, तर त्यांच्यापासून होणाऱ्या सगळ्याच गेल्या. झिका विषाणू नेमका यांनाच गाठतो, म्हणून डोकं लहान राहतं.

इतक्या वेगाने विभागायचं तर डीएनए लागतो, आणि तो बनवायला फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व. अंबाडी उकळून पाणी पिळून टाकलं की बरंचसं फोलेट मोरीत जातं. तेव्हा फॉलिक ॲसिडची, म्हणजे याच फोलेटची, गोळीच घ्यावी: रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. आधीच्या बाळाला नळी न मिटण्याचा हा दोष असेल तर 4 मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारूनच. 1991च्या ब्रिटिश चाचणीत अशा बायकांमध्ये दोष 72 टक्क्यांनी घटला. चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीतही फॉलिक असतं, पण या नळीसाठी ती उशिरा येते.

माझं मत, ही गोळी लग्नाच्या बस्त्याबरोबरच यादीत यावी. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या मुलींनी तर दिवस राहण्याआधीच डॉक्टर गाठावा, त्या औषधाने हा धोका वाढतो. मनाने गोळ्या बंद मात्र करू नयेत.