खुलासा : अनेक मालिकांत दिसणारं ते एकच वर्तमानपत्र

‘मॅरीड... विथ चिल्ड्रन’ आणि ‘मॉडर्न फॅमिली’ या अमेरिकन मालिकांतली पात्रं हुबेहूब एकच वर्तमानपत्र वाचतात, त्यावर लांब केसांच्या मुलीचा तोच फोटो असतो, म्हणून त्या कथा एकमेकींशी जोडलेल्या आहेत किंवा त्यात गुप्त संदेश आहे, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ते पान कॅलिफोर्नियातल्या ‘द अर्ल हेज प्रेस’ या छापखान्याचं. 1915 पासून हा छापखाना पडद्यासाठी खोटी वर्तमानपत्रं आणि लेबलं छापतो. खरं वर्तमानपत्र दाखवायचं तर मजकूर, फोटो, जाहिराती या सगळ्यांच्या परवानग्या आल्या. पात्र नुसतं पान चाळणार असेल, तर तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल? म्हणून तयार गठ्ठा आणला जातो. वेगवेगळ्या निर्मात्यांनी तो आणला आणि पान सगळीकडे पोहोचलं, एवढंच.

सोफे, दिवे, पडदे यांचंही तसंच. ते भाड्याने येतात, चित्रीकरण संपलं की परत गोदामात जातात आणि पुढच्या मालिकेच्या दिवाणखान्यात लागतात. याला काही जण आळस किंवा चोरी म्हणतात, ते मला खरोखर खटकतं. कलाविभागाच्या कामाची ही रीतच आहे.