नुसतं ७७७ दिलं म्हणून फाईल सेव्ह होत नाही

गोव्यातल्या डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘दोन लिनक्स संगणकांत फोल्डर शेअर करायचा तर सांबाच हवा. एनएफएस जुनाट, वीज गेली की अडकतं. परमिशन डिनाइड आलं तर ७७७ द्या, फायरवॉल बंद करा.’

सांबा आणि एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायच्या दोन पद्धती; ७७७ म्हणजे वाचणं, लिहिणं सगळं सगळ्यांना खुलं करणारी परवानगी. दुकानात एक जरी विंडोज मशीन असेल तर खुशाल सांबा घाला. दोन्हीकडे लिनक्सच असेल तर कशाला? एनएफएसचा जन्म १९८४चा, हे खरं, पण ४.२ ही आवृत्ती २०१६ची आहे. चौथ्या आवृत्तीला टीसीपीचं २०४९ हे एकच पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, पुरतं. तेवढंच आपल्या नेटवर्कपुरतं उघडा, फायरवॉल चालू राहू दे.

खरा घोळ ७७७चा. फोंड्यातल्या एखाद्या दुकानात चवथीच्या आरत्यांची पुस्तिका दोघं मिळून लावतायत असं धरा. ७७७ लागतं ते फोल्डरला. उद्या त्यात तयार होणाऱ्या नव्या फाईलला नाही. ती फाईल दुसऱ्याला सहसा नुसती वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही. काढून टाकता मात्र येते! घ्या, ही तुमची सोय.

मूळ कारण वेगळंच असतं. साधं एनएफएस नाव बघत नाही, युजरचा आकडा बघतं. एका मशीनवर तुम्ही १०००, दुसऱ्यावर १००१, तर सर्व्हरच्या, म्हणजे फोल्डर ठेवलेल्या मशीनच्या, लेखी तुम्ही परकेच. दोन्हीकडे ‘आयडी’ कमांड चालवून आकडे जुळवा, जुन्या फाईलींची मालकीही बदला. आणि सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाईलमध्ये (कोणता फोल्डर कोणाला द्यायचा याची यादी) आयपी पत्ता आणि ‘आरडब्ल्यू’चा (वाचा-लिहा) कंस यांत मोकळी जागा सोडू नका. सोडलीत तर लिहिण्याची मुभा त्या पत्त्याला नाही, बाकी सगळ्या जगाला मिळते.

अडकण्याबद्दल. पावसाळ्यात वीज जाणार, हे आपल्याकडे कोणी सांगायला नको. सर्व्हर बंद पडला की एनएफएस थांबून वाट बघतं आणि तो परतला की पुढे चालू होतं. फोल्डर जोडताना ‘सॉफ्ट’ माउंट करून ही वाट बघणं टाळलंत तर अर्धवट लिहिलेली फाईल पदरात पडू शकते. सकाळी मशीन सुरू होतानाच खोळंबत असेल तर एफएसटॅबमध्ये (काय काय जोडायचं याची यादी असलेली फाईल) ‘नोफेल’, म्हणजे जोडणी झाली नाही तरी मशीन सुरू होऊ दे, आणि सिस्टिमडीचं ऑटोमाउंट, म्हणजे फोल्डर लागेल तेव्हाच जोडणं, घाला.

एक त्रुटी त्या संदेशात आलीच नाही: साधं एनएफएस मजकूर एन्क्रिप्ट करत नाही. घरून काम करायचं असेल तर एसएसएचएफएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या एसएसएच जोडणीवरून फोल्डर उघडायची सोय, वापरा. २०४९ राउटरवरून बाहेर उघडू नका.