हवा निघतेय, सर

आमच्या लॅबमधली सगळ्यात महागडी वस्तू कोणती यावर वाद होऊ शकतो. सगळ्यात उपयोगी मात्र कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली चिकटपट्टी. माझे चॅनेल, म्हणजे द्रव वाहायच्या इवल्या नाल्या, 50 मायक्रॉन रुंदीचे, डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. त्यात धुळीचा कण बसला की वाहतूक ठप्प. म्हणून पट्टी लावायची, उचलायची, पुन्हा लावायची.

हे चॅनेल पीडीएमएस नावाच्या मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबरात करतात. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 1998 साली ही रीत झटपट आणि स्वस्त करून दाखवली आणि जगभरच्या पीएचडीवाल्यांच्या मागे लावून दिली. कृती ऐकायला सोपी. दहा भाग चिकट द्रव, एक भाग हार्डनर, आणि खसाखसा घोटायचं. घोटलं की आत हवा शिरते, ती काढायला कप व्हॅक्यूममध्ये ठेवायचा. म्हणजे हवा आपणच कालवायची आणि आपणच तिला 'बाई, निघ आता' म्हणत ताटकळायचं! पंप जरा जोरात चालला की मिश्रण फसफसून कपाबाहेर. हातात लॅटेक्सचे ग्लव्ह्ज असले तर आणखी गंमत: त्यातलं गंधक मिश्रण घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करतं आणि रबर रात्रभर ओव्हनमध्ये राहूनही चिकट ते चिकटच.

मिश्रण साच्यावर ओतून रबर घट्ट झालं, की मग साच्यावरून सोलणं. सुरळीची वडी ताटावरून सोडवताना आई श्वास रोखते, तसा मी रोखते. साचा सिलिकॉनच्या ठिसूळ चकतीचा (हे सिलिकॉन रबरातलं नव्हे, कॉम्प्युटरच्या चिपमधलं). तो तडकला की पाठोपाठ सरही तडकतात.

सोललेल्या तुकड्याला भोकं पाडायची, ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला ऑक्सिजन वायू) दाखवायचा आणि लगेच काचेवर टेकवायचा. ही गाठ जन्माची. तिरका बसला तर तिरकाच संसार.

एवढं सगळं जमून आल्यावर काल पाणी सोडलं, तर नेमका वळणावर बुडबुडा. पुढे नाही, मागे नाही. यावर उपाय आहे: बाहेरचं तोंड बंद करून आतून दाब द्यायचा. पीडीएमएसमधून वायू झिरपतो, त्यामुळे बुडबुडा भिंतीतून हळूहळू पसार होतो. हळूहळू म्हणजे किती, ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्याशिवाय कळायचं नाही.

तेवढ्यात मागून सर आले.

"काय, काही निघतंय का?"

"हो सर. सध्या हवा निघतेय."