एवढ्याशा तुपानं का होते?

मी व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही. दूध, तूप, दही, मध काहीही नको, असं चार-चारदा कळवूनही दर डबा पार्टीला तेच! परवा अंबाझरी तलावाला बसलो, सहापैकी चार डब्यांत पनीर. पाचव्यात संत्रा बर्फी. अहो, खवा म्हणजे दूधच ना? भाताकडे हात नेला तर काकू म्हणाल्या, "एवढ्याशा तुपानं का होते बाप्पा?" काहीच होत नाही, तर मग घातलंच कशाला?

"गाईला थोडंच मारतो?" हे तर ठरलेलं. गाय व्यायल्याशिवाय दूध देते का? ते दूध कोणाचं? त्या वासराचं!

आणि हे सगळं नागपुरात! वडाभात आहे, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. पाटवडी रस्सा आहे, नुसतं बेसन, तेल आणि मसाला. कोथिंबिरीची सांबारवडी आहे, जवसाची चटणी आहे. आपल्या आज्या हेच रांधत आल्या, दुधाच्या थेंबाशिवाय. एकीलाही आठवू नये?

वर तो एकच चमचा! पनीरमधून रश्श्यात, रश्श्यातून रायत्यात. सलग चौथ्यांदा मी स्वतःचाच डबा खाऊन घरी आले.