कुरिअरचं बिल कार्डवर टाका आणि फुकट विमानात बसा? जरा हिशोब करू

छोट्या धंदेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, मसालेवाले, साडीवाले, चपलावाले, सगळ्यांकडे तोच. थोडक्यात असा, की कुरिअरचा खर्च जो बँकेतून किंवा यूपीआयने भरतो तो येडा आहे, रिवॉर्डवालं क्रेडिट कार्ड घ्या, शिपिंगवर तिप्पट पॉइंट मिळतात, घरात ५ टक्के कॅशबॅकचं कार्ड असेल तर तेच वापरा, कुरिअर ॲपचं वॉलेट त्यावरून भरा, ट्रान्सपोर्टवाला कार्ड घेत नसेल तर मधलं एखादं ॲप आहेच, कार्डाचं स्टेटमेंट जीएसटीला पुरतं, आणि वर्षाच्या शेवटी विमानाचं तिकीट फुकट. खाली रॉकेटचे इमोजी.

मी अशाच लोकांचे हिशोब बघते त्यामुळे हा मेसेज मला दर दोन दिवसांनी कुणीतरी पाठवतंच, "ताई हे खरंय का" म्हणून. कार्डाशी माझं काही वाकडं नाही, नीट वापरलं तर फायदाच आहे, पण तो फायदा मेसेजमध्ये सांगितलाय तिथे नाहीये. एकेक घेऊ.

"शिपिंगवर तिप्पट पॉइंट." हे खरंय, पण अमेरिकेत. तिथे चेस बँकेचं इंक बिझनेस प्रेफर्ड नावाचं कार्ड आहे, वर्षाची फी ९५ डॉलर, आणि शिपिंग, प्रवास, फोन-इंटरनेट, ऑनलाइन जाहिराती हे सगळं मिळून वर्षाला पहिल्या दीड लाख डॉलर खर्चावर डॉलरमागे ३ पॉइंट. न्यू जर्सीत बसून कुणी फराळाची पार्सलं पाठवत असेल तर त्याने जरूर घ्यावं. इचलकरंजीतल्या माणसाला ते कार्ड मिळणार नाही. तिकडचे व्हिडिओ बघून कुणीतरी मराठीत मेसेज बनवला आणि देश बदलायचा विसरला. आपल्याकडच्या बहुतेक बिझनेस कार्डांवर जास्तीचे पॉइंट टॅक्स, वीजबिल, हॉटेल, विमान, बँकेचं स्वतःचं पोर्टल असल्या गोष्टींवर असतात, कुरिअर बिचारं "इतर" मध्ये पडतं.

आणि समजा बँकेने कुरिअरवर काही दिलं तरी बँकेला तुमचा खोका दिसत नाही, तिला दिसतो चार आकडी मर्चंट कोड, म्हणजे पैसे घेणाऱ्याचा धंदा कसला ते सांगणारा नंबर. कुरिअर कंपनीचा ४२१५, ट्रकने माल नेणाऱ्याचा ४२१४, पोस्टाचा ९४०२. आता तुम्ही थेट कुरिअर कंपनीला न देता मधल्या ॲग्रीगेटरला, म्हणजे अनेक कुरिअर एकत्र देणाऱ्या ॲपला, पैसे देता, त्याचा कोड कधी सॉफ्टवेअरचा असतो कधी नुसतं बिझनेस सर्व्हिस, म्हणजे तुमच्या मते शिपिंग आणि बँकेच्या मते भलतंच. म्हणून मी सांगते, नवीन कार्डावर आधी शे-दोनशे रुपयांचा एक व्यवहार करा, स्टेटमेंट येऊ द्या, पॉइंट पडले का बघा, मग महिन्याचं बिल टाका.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे हे तर मेसेजवाला सांगतच नाही. समजा कार्डावर लिहिलंय १५० रुपयांना ४ पॉइंट. ऐकायला भारी वाटतं. तुमचं कुरिअरचं बिल महिन्याला ४०,००० धरू, म्हणजे झाले साधारण १,०६६ पॉइंट. त्या पॉइंटची किंमत २० पैसे असेल तर हातात आले २१३ रुपये. ५० पैसे असेल तर ५३३. ही किंमत कार्डाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधी नसते, रिडीम करायला जाता तेव्हा कळते, आणि बऱ्याच बँका रिडीम करायचेही ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. त्यामुळे कार्ड निवडताना प्रश्न एकच विचारा, १०० रुपये खर्चले तर मला किती पैसे परत, पॉइंट नको, पैशात सांगा.

"घरातलं ५ टक्के कॅशबॅकचं कार्ड वापरा." हा सगळ्यात धोक्याचा सल्ला आहे आणि सगळ्यात जास्त लाइक पण ह्यालाच. पर्सनल कार्डाच्या अटींत बहुतेक बँकांनी स्वच्छ लिहिलेलं असतं की कार्ड स्वतःच्या खर्चासाठी आहे, धंद्यासाठी नाही. महिन्यात एकाच कुरिअरवाल्याला वीस-पंचवीस व्यवहार, सगळे एकसारखे, तर बँकेच्या सिस्टिमला ते कळायला जादू लागत नाही. मग आधी कॅशबॅक थांबतं, मग ईमेल येतो, मग कार्ड बंद. एका मसालेवाल्या बाईंचं असंच झालं, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पार्सलं पॅक होऊन पडलेली आणि पेमेंट फेल, शेवटी भावाच्या खात्यातून भरलं. बँकेशी भांडून उपयोग नव्हता कारण अट वाचली नव्हती ती त्यांनीच. शिवाय अशा कार्डांवर महिन्याच्या कॅशबॅकला कमाल मर्यादा असते ती वेगळीच. धंद्याचा खर्च धंद्याच्या कार्डावर, आणि शक्यतो त्या कार्डावर घरचा किराणा नको. सीए मंडळी पण आशीर्वाद देतील.

"ॲपचं वॉलेट कार्डने भरा." भरता येतं, बहुतेक ॲप घेतात पण. प्रश्न असा की काही ठिकाणी हे वॉलेट लोड म्हणून नोंदतं, ६५४० कोडखाली, आणि वॉलेट लोडवर जवळपास सगळ्याच बँका पॉइंट देत नाहीत. वर चार्ज पण लागू शकतो, एचडीएफसीने १ जुलै २०२५ पासून थर्ड पार्टी वॉलेटमध्ये महिन्याला १०,००० च्या वर भरलं तर १ टक्का घ्यायला सुरुवात केली. म्हणजे १ टक्का कमवायला गेलो आणि १ टक्का देऊन आलो. तुमच्या ॲपचा रिचार्ज वॉलेट धरला जातो की साधी खरेदी, हे परत त्या कोडावर, म्हणून तीच शे-दोनशेची टेस्ट. शिवाय ज्यांचा माल कॅश ऑन डिलिव्हरीवर जातो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कुरिअर भाडं जमा झालेल्या पैशातूनच वळतं होतं, बिल कार्डापर्यंत येतच नाही, मग पॉइंट कशाचे घेणार.

"ट्रान्सपोर्टवाला कार्ड घेत नसेल तर मधलं ॲप." हे शिळं झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका कार्ड नेटवर्कला अशी व्यवस्था थांबवायला लावली, जिथे कंपनी कार्डाने मधल्या माणसाला पैसे देते आणि तो पुढे कार्ड न घेणाऱ्याच्या खात्यात टाकतो. कारण सरळ होतं, मधल्याच्या खात्यात मोठी रक्कम जमते आणि २००७ च्या पेमेंट कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते ती नव्हती. अशा कुठल्याही मार्गात दीड-दोन टक्के चार्ज तर असतोच. अर्धा टक्का पॉइंटासाठी दोन टक्के चार्ज, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ट्रान्सपोर्टवाल्याला एनईएफटी करा आणि महिन्याचं बिल एकदम देतो म्हणून भाव कमी करून घ्या.

"यूपीआयने भरणारा येडा." रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ मध्येच आली, म्हणजे यूपीआयने भरणाराही कार्डच वापरत असू शकतो. पुढे.

"स्टेटमेंट जीएसटीला पुरतं." नाही पुरत. ह्यावर मात्र थांबते जरा, कारण खरा पैसा इथे सांडतो. कुरिअरवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्या ४०,००० च्या बिलात ६,१०२ रुपये जीएसटीचे आहेत. जीएसटीची रेग्युलर नोंदणी असेल तर हे क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतं, पण त्याला लागतं टॅक्स इनव्हॉइस, त्यावर तुमचा जीएसटी नंबर, आणि तो व्यवहार जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी मध्ये, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसायला हवा. कार्डाचं स्टेटमेंट म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, आणि वॉलेट रिचार्जची पावती म्हणजे आगाऊ पैसे ठेवल्याची पावती, ह्यातलं इनव्हॉइस काहीच नाही. ॲपमध्ये लॉगिन करून प्रोफाइलला नंबर टाकलाय का बघा, मी बघते तेव्हा निम्म्या लोकांचा टाकलेलाच नसतो, किंवा जुन्या प्रोप्रायटरशिपचा असतो. तिकडे २१३ रुपयांच्या पॉइंटसाठी तीन कार्डांची तुलना चाललेली आणि इकडे दर महिन्याला ६,१०२ जातायत. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्यांना, हे क्रेडिट नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या.

"वर्षाच्या शेवटी तिकीट फुकट." २१३ गुणिले १२, झाले २,५५६. कार्डाची वार्षिक फी समजा २,५०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २,९५०. तिकीट राहू द्या, स्टँडवर जायच्या रिक्षाचे पण निघत नाहीत. ठरावीक खर्च झाला की फी माफ असं बऱ्याच कार्डांवर असतं, पण त्या खर्चात काय धरतात काय नाही ते वाचा, वॉलेट आणि जागेचं भाडं बऱ्याचदा धरत नाहीत. आणि एखाद्या महिन्यात हात आखडला आणि फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम, भरलं तर व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के. ४०,००० वर ३.६ टक्क्यांनी १,४४०, त्यावर जीएसटी, म्हणजे १,७०० च्या आसपास, आठ महिन्यांचे पॉइंट एका फटक्यात गेले. आणि एकदा बाकी ठेवली की नवीन खर्चाला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज, हे तर लोकांना धक्का बसल्यावरच कळतं.

मग कार्ड घ्यायचं कशाला? मुदतीसाठी. कार्डावर जास्तीत जास्त ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात. तुमची ओडी, म्हणजे बँकेची ओव्हरड्राफ्टची उचल, १२ टक्क्यांची असेल तर ४०,००० रुपये महिनाभर उशिरा देणं म्हणजे ४०० रुपये वाचणं, पॉइंटच्या जवळपास दुप्पट, आणि त्याला रिडीम करावं लागत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे डिलिव्हरीनंतर आठवड्याने हातात पडतात, तोवर पॅकिंगचा, लेबरचा खर्च चालूच असतो, त्या मधल्या फटीत कार्ड खरं कामाला येतं. स्टेटमेंटची तारीख तुमच्या पैसे येण्याच्या तारखेप्रमाणे बदलून घ्या, बँका बदलून देतात, आणि पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावा, मिनिममचं नाही.

आता खर्चच कमी करायचा असेल तर टेप घेऊन गोडाऊनमध्ये जा. एअरने जाणाऱ्या पार्सलला लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे वजन आणि काट्यावरचं वजन ह्यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. दीड किलो मसाला-चिवडा ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात टाकला तर बिल होतं ३ किलोचं. तोच माल २५ बाय २० बाय १५ मध्ये बसला तर दीड किलोचं. अर्ध्या किलोचे तीन स्लॅब गेले. पुढच्या अर्ध्या किलोला ३५ रुपये भाव धरला तर पार्सलमागे १०५, अशी महिन्याला शंभर पार्सलं असली तर साडेदहा हजार. काही कंपन्या ५००० ऐवजी ४००० ने भागतात, तिथे आकडा अजून फुगतो, म्हणून करार करताना हा भाजक विचारा. चिवड्याच्या पाकिटात हवा कमी भरली तरी फरक पडतो, आणि खोकेवाल्याकडे जे साइज तयार आहेत त्यातलंच घ्यायचं असं काही नाही, पाचशे नग घेतले तर तो मापाने करून देतो. परत आलेल्या पार्सलचं दोन्हीकडचं भाडं, वजनाच्या वादात ॲपने परस्पर कापलेले पैसे, ह्याची यादी महिन्याला एकदा काढा, वाद घालायची मुदत थोड्या दिवसांचीच असते आणि फोटो नसेल तर हरलात, म्हणून काट्यावर पार्सल ठेवून फोटो काढायची सवय पॅकिंगच्या पोरांना लावा. आणि स्पीड पोस्टकडे पण चौकशी करा, करार केला तर मालाच्या प्रमाणात सूट देतात, लोक पोस्ट म्हटलं की नाक मुरडतात पण खेडोपाडी तेच पोचतं.

हे सगळं झाल्यावर कार्ड घ्यायला बसा. बिल महिन्याला पंधरा-वीस हजाराच्या आत असेल तर फी नसलेलंच बिझनेस कार्ड, सगळ्या खर्चावर सरसकट परतावा देणारं, कॅटेगरीच्या भानगडीत पडू नका. बिल लाखाच्या वर असेल तर कार्ड शोधण्याआधी कुरिअरच्या सेल्सवाल्याला चहाला बोलवा, किलोमागे दोन रुपये तो तिथेच कमी करेल.