व्हीएआर नंतर आणा, आधी असेसर द्या

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग) रेफ्रीकडून एखादी पेनल्टी द्यायची राहिली की माझ्या टाइमलाइनवर दोनच वाक्यं फिरायला लागतात. "आपले रेफ्री भिकार आहेत" आणि "व्हीएआर कधी आणणार?" (व्हीएआर म्हणजे रेफ्रीचे निर्णय व्हिडिओवर तपासायची व्यवस्था.) पहिल्यावर वाद घालत बसत नाही, दुसऱ्यावर मात्र घालणार आहे. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मैदानातून बाहेर आलो. आता पायरीवर बसून नव्या पोरापोरींच्या मॅच बघतो आणि मॅच संपली की त्यांच्याशी बोलतो. याला असेसरचं काम म्हणतात. बहुतेक वेळा मला कुणी बोलावलेलं नसतं, मीच जातो. आणि माझं ठाम मत झालंय की आपल्याकडचा होतकरू रेफ्री वर का पोचत नाही, याचं निम्मं उत्तर त्या पायरीवर आहे. तिथे कुणी बसलेलंच नसतं.

३ मार्च २०२३ आठवा. बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स, बाद फेरी, गोलशून्य बरोबरी, एक्स्ट्रा टाइम सुरू. ब्लास्टर्सच्या बॉक्सबाहेर फ्री किक मिळाली. त्यांची वॉल, म्हणजे बॉल अडवायला उभी राहणारी खेळाडूंची रांग, अजून लागत होती, तेवढ्यात सुनील छेत्रीने बॉल जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सच्या कोचने, वुकोमानोविचने, टीम मैदानाबाहेर काढली आणि ती परत आलीच नाही. पुढे ब्लास्टर्सना ४ कोटींचा दंड झाला, कोचवर १० सामन्यांची बंदी आली आणि सोशल मीडियावर रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

आता नियम बघा. फाउल ज्याच्यावर झाला त्या संघाला फ्री किक पटकन घ्यायचा हक्क आहे. पण रेफ्रीने एकदा शिट्टीकडे बोट दाखवून 'थांब' म्हटलं, की शिट्टीशिवाय बॉल हलवता येत नाही. वॉल नको, शिट्टी नको असं आपण रेफ्रीला सांगितलं होतं, असं छेत्री नंतर म्हणाला. समोरच्यांना वाटलं, रेफ्री इथे उभा आहे म्हणजे आता शिट्टी होणार. सगळा वाद त्या काही सेकंदांतला. रेफ्री बॉलपाशी किती रेंगाळला, कुणाशी बोलला, कुणाला काय कळलं. तेव्हा व्हीएआरच्या कक्षेत गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या माणसाला दिलेलं कार्ड, एवढ्या चारच गोष्टी यायच्या. तापलेल्या बॉक्सबाहेर बावीस जणांना एकाच वेळी एकच गोष्ट कशी कळवायची, हे कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. ते शिकावं लागतं. आणि ते कांतीरवावर शिकत नाहीत, त्याच्या दहा वर्षं आधी, एखाद्या धुळीच्या मैदानावर, अंडर-१५ च्या मॅचमध्ये शिकतात. शिकवणारा असेल तर.

आपल्याकडे काय होतं? कोर्स होतो. काही दिवसांचा असतो, नियमांची परीक्षा असते, पळायची चाचणी असते. पळण्याची बाजू सोपी नाही बरं का. फिफाच्या पातळीला पुरुष रेफ्रीला ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक ६ सेकंदांच्या आत, आणि मग ७५ मीटर पळ, २५ मीटर चाल असं ४० वेळा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या १० फेऱ्या. खालच्या पातळीला वेळा सैल असतात, पण दम तोच लागतो. पोरं ते करतात. घाम गाळायला आपली पोरं कधीच मागे नसतात. कोर्स पास झाला, बॅज मिळाला, फोटो टाकला, दीडशे लाइक्स आले. पुढच्या रविवारी त्याला एकट्याला एका मैदानावर पाठवतात. लाइनवर दोन्ही क्लबांचे राखीव खेळाडू झेंडे धरून उभे. एकाला ऑफसाइड माहीत नसतो, दुसऱ्याला माहीत असतो पण स्वतःच्या टीमपुरता. मॅच संपते, पाकीट मिळतं (कधी त्याच दिवशी, कधी गणपतीनंतर), आणि पोरगा घरी जातो. त्याने काय बरोबर केलं, काय चुकलं, कुणी सांगत नाही. सांगतात फक्त प्रेक्षक, आणि त्यांची भाषा इथे लिहिता येत नाही.

एका पोराची गोष्ट सांगतो. इंजिनिअरिंगला होता, पळायला चित्ता, नियमपुस्तिका तोंडपाठ. पण प्रत्येक फाउल तो खेळाडूच्या थेट पाठीमागून बघायचा. बॉलमागे सरळ रेषेत धावायचा ना, म्हणून. मागून दोन पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. त्यामुळे त्याचा निर्णय अंदाजाचा व्हायचा आणि अंदाज केलाय हे खेळाडूंना लगेच कळतं. शिट्टीचा आवाजच सांगतो. अर्धवट फुंकलेली शिट्टी म्हणजे रेफ्रीने मनात टाकलेलं प्रश्नचिन्ह. वर निर्णय दिला की त्याची नजर पहिल्यांदा कोचकडे जायची, बेंचवरच्या चेहऱ्याकडे. मॅचनंतर त्याला एवढंच म्हटलं, "दोघांच्या मधली फट दिसेल असं उभं राहायचं. त्यासाठी दोन पावलं डावीकडे सरकावं लागलं तरी चालेल, जवळ जायची घाई नको." बाकी सगळं, बेंचकडे बघणं वगैरे, मुद्दाम सोडून दिलं. एका मॅचमध्ये एकच गोष्ट. पुढच्या वेळी तो फट शोधत पळत होता, आणि गंमत म्हणजे बेंचकडे बघणं आपोआप कमी झालं. ज्याने पाय बघितलेत त्याला कुणाचा चेहरा बघावा लागत नाही.

ही फट नवशिक्यांचीच अडचण आहे असं समजू नका. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत लाथ घातली. इंग्लिश रेफ्री हॉवर्ड वेबने यलो कार्ड दिलं. नंतर त्यानेच कबूल केलं की समोर माणूस आल्याने नीट दिसलं नाही, रेड कार्ड द्यायला हवं होतं. त्या मॅचला १४ यलो कार्डं निघाली. जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅचमधली चूक आणि आमच्या इंजिनिअरची चूक, दोन्ही कोनाच्याच.

वेबचा विषय निघालाच आहे तर माझा लाडका मुद्दा मांडतो. हा माणूस पोलिसात होता. १९८९ ला रेफ्री झाला, इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, २००३ ला पोचला. चौदा वर्षं! त्याचे वडील रेफ्री. मायकेल ऑलिव्हर २०१० मध्ये, २५ व्या वर्षी प्रीमियर लीगचा सगळ्यात तरुण रेफ्री झाला. त्याचे वडील रेफ्री. मार्च २०२४ मध्ये सनी सिंग गिल प्रीमियर लीगची मॅच चालवणारा पहिला ब्रिटिश दक्षिण आशियाई रेफ्री ठरला. त्याचे वडील जर्नेल सिंग इंग्लिश लीगमध्ये पगडी घालून शिट्टी वाजवणारे पहिले रेफ्री, आणि भाऊ भूपिंदर प्रीमियर लीगमध्ये लाइनवर. आपल्याकडे लोक हे वाचून "घराणेशाही" म्हणून मोकळे होतील. मला त्यात वेगळंच दिसतं. या पोरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर असेसर बसलेला होता. मॅच खेळवून आलं की "काय रे, त्या पेनल्टीला कुठे होतास तू?" असं विचारणारं कुणीतरी घरातच होतं. आपल्याकडे रेफ्री बापाच्या पोटी जन्माला आलेली पोरं किती? बाकीच्यांना तो बाप संघटनेने पुरवायला नको का?

युरोपने तो पुरवायची व्यवस्था केली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथे रेफ्रींचं केंद्र काढलं. प्रत्येक देशातून होतकरू रेफ्री आणि त्याचे असिस्टंट येतात. वर्गात बसतात, व्यायाम करतात, इंग्रजी सुधारतात, पण मुख्य म्हणजे आजूबाजूच्या स्विस आणि फ्रेंच खालच्या लीगमधल्या खऱ्या मॅच खेळवतात आणि कोच त्या बघून त्यांच्याशी बोलतो. इटलीत रेफ्रींची संघटना १९११ पासून आहे आणि तिच्या गावोगावच्या शाखांत जुने-नवे रेफ्री एकत्र बसून मॅचची चिरफाड करतात. यात कुठेही रॉकेट उडवायचं नाहीये. एक अनुभवी माणूस, एक वही, बसभाडं.

प्रतिभेचा दुष्काळ आहे असंही नाही. तमिळनाडूचे के. शंकर कोमलेश्वरन २००२ च्या वर्ल्ड कपला असिस्टंट रेफ्री होते. भारताची टीम जिथे पोचली नाही तिथे आपला लाइन्समन पोचला! गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये झेंडा घेऊन उभी होती. ही नावं घ्यायला अभिमान वाटतो आणि लगेच लाजही वाटते, कारण ती बोटांवर मोजावी लागतात.

मधल्या मधे गळती कुठे होते? वयाचं गणित बघा. फिफाच्या यादीत रेफ्री म्हणून यायला किमान २५ वर्षं वय लागतं. अठराव्या वर्षी सुरू केलं तरी सात वर्षं जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढायच्या. याच सात वर्षांत डिग्री, नोकरी, लग्नाची बोलणी. रविवार मैदानावर गेला की घरी "यातून मिळतं काय?" हा प्रश्न ठरलेला. पैसे मॅचवर मिळतात, मॅच नाही तर पैसे नाहीत. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगाम लटकला तेव्हा खेळाडू आणि क्लबांची काळजी सगळ्यांनी केली, त्यांच्या मॅचवर ज्यांचं घर चालतं त्या रेफ्रींबद्दल मी एक ओळ वाचली नाही.

आणि शिव्या. कोल्हापुरातल्या तालमींच्या, म्हणजे तिथल्या पेठांतल्या फुटबॉल संघांच्या, मॅचना उगाच नावं ठेवतात लोक. मी पाहिलेली सगळ्यात घाण शिवीगाळ एका शाळेच्या स्पर्धेत होती. गाडीतून उतरलेले आईबाप, उन्हाचे चष्मे, आणि कॉलेजात जाणाऱ्या रेफ्री मुलीला जे काय बोलत होते ते ऐकून त्यांचीच मुलं माना खाली घालून उभी होती. मॅचनंतर तिला आयोजकांनी विचारलं, "पाणी हवंय का?" बस्स. ती पुन्हा आली नाही. इंग्लंडमध्येही हाच त्रास आहे, तिथे २०२३ पासून काही भागांत हौशी मॅचच्या रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून बघितले. आपण किमान तिच्या शेजारी एक माणूस उभा करू शकलो असतो. कपडे बदलायला खोली नसते हा विषय तर काढतच नाही.

कोल्हापूरबद्दल मात्र बोलतो, कारण तिथे मला मोठी संधी दिसते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की जो दबाव असतो, तो पैसे देऊन कुठल्या अकादमीत विकत मिळणार नाही. पेठा दोन बाजूंत वाटल्या जातात, तालमी रात्रभर बोलत बसतात. या मातीतून अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. मग इथून रेफ्री का घडू नयेत? फक्त वीस वर्षांच्या पोराला थेट अशा मॅचच्या मध्ये ढकलू नका. आधी तीच मॅच फोर्थ ऑफिशियल म्हणून, म्हणजे मैदानाबाहेर थांबणारा चौथा रेफ्री म्हणून, बघू द्या, बेंच सांभाळू द्या. मग लाइनवर. मग खालच्या फळीच्या मॅचला मुख्य रेफ्री म्हणून. आणि प्रत्येक वेळी तोच असेसर. रोज नवा माणूस नवं काहीतरी सांगतो आणि पोराचा गोंधळ होतो. मोबाइलवर वरच्या पायरीवरून कुणीतरी नव्वद मिनिटं शूट केलं तरी रात्री दोघांना बघायला पुरतं.

व्हीएआरला माझा विरोध नाही. येऊ दे. पण त्या खोलीत पडद्यासमोर बसणाराही रेफ्रीच लागतो, आणि तो याच जिल्ह्यांतून यायचाय. मशीन घेतलं आणि माणूस घडवला नाही, तर तीच चूक सहा कोनांतून बघून करू.

जिल्हा संघटनांत बसलेले बरेच मित्र ही पोस्ट वाचतील आणि मेसेंजरवर "बजेट नाही" म्हणतील. बक्षीस समारंभाच्या स्टेजचा आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचा खर्च एकदा वहीत काढून बघा, मग बोलू.

तुमच्या गावात शिट्टी ठेवून दिलेले जुने रेफ्री असतील तर त्यांना खाली टॅग करा. कुणाच्या जिल्ह्यात असेसर नेमाने येत असेल तर तेही लिहा, मला तिथे येऊन बघायचंय. आमच्याकडे पुढच्या शनिवारपासून अंडर-१५ च्या मॅच आहेत, तीन नवे रेफ्री आहेत आणि बघणारा मी एकटा. मानधन नाही, खुर्चीही नाही. वही आपली आपण आणावी.