नवऱ्याला मागं ठेवून तू पुढं गेलीस?

मुंबई मॅरेथॉन पूर्ण करून आम्ही दोघे परभणीला परतलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी यांच्या आत्या घरी आल्या. त्यांनी माझे पदक हातात घेऊन निरखले आणि विचारले, "नवऱ्याला मागं ठेवून तू पुढं निघून गेलीस म्हणं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरची काळजी होती. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही, कारण ते पाच महिन्यांच्या सरावापासून सांगावे लागते.

ऑगस्टमध्ये आम्ही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे पाचला धावायला सुरुवात केली. त्या वेळी रस्त्यावर अंधार आणि मोकाट कुत्री असतात. मी एकटी ट्रॅक पँट घालून निघाले असते, तर कुत्र्यांच्या आधी माणसांना तोंड द्यावे लागले असते. हे सोबत होते म्हणून कोणी काही विचारले नाही. याच परभणीच्या ज्योती गवते २०१७ मध्ये मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. त्यांच्या गावातल्या संसारी बाईला आजही नवऱ्याच्या सोबतीनेच पहाट मोकळी मिळावी, याचे मला वाईट वाटते.

आमचे वेळापत्रक एकच होते. आठवड्यातून चार दिवस धावायचे आणि रविवारी लांब पल्ला गाठायचा. ऑक्टोबरमध्ये आम्ही २४ किलोमीटरपर्यंत पोहोचलो, तेव्हा यांचे पाय सोमवारी संध्याकाळी मोकळे होत आणि माझे बुधवारपर्यंत जड राहत. मी हिमोग्लोबिन तपासून घेतले, खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू वाढवले, झोपही वाढवली. तरी फरक पडेना. कारण शेवटी यांच्याच लक्षात आले. धावून आल्यावर हे नाश्ता करून आडवे होत, आणि मी अंघोळ उरकून अकरा वाजेपर्यंत ओट्यापाशी उभी असे, त्यानंतर आठवड्याचे कपडे असत. लांब धावेत स्नायूंचे बारीक तंतू दुखावतात, शरीरातील साखरेचा साठा जवळजवळ संपतो, आणि ही झीज विश्रांतीतच भरून निघते. म्हणजे आम्ही दोघे सारखेच अंतर धावत होतो, पण सराव एकट्या यांचा पूर्ण होत होता.

पुढच्या रविवारपासून स्वयंपाकघर यांनी घेतले. सासूबाईंना धावून आलेल्या लेकाने कांदा चिरणे सुरुवातीला रुचले नाही आणि एक-दोन रविवार घरात बोलणे कमी झाले. मग एका रविवारी आम्ही परतण्याआधीच त्यांनी धपाटे करून झाकून ठेवले होते. नोव्हेंबरअखेर मी ३२ किलोमीटर धावले आणि मंगळवारी जिना सहज चढले. जोडप्याने मॅरेथॉनचे नाव नोंदवण्याआधी बुटांची चर्चा बाजूला ठेवून रविवारची दुपार कोणाची, हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

डिसेंबरमध्ये आणखी एक गोष्ट ठरली. पहिले ३० किलोमीटर सोबत धावायचे आणि त्यानंतर ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचे. यात रुसवा-फुगवा नव्हता. शरीरातील साखर साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि तिथून प्रत्येकाचे पाय वेगळे वागू लागतात. मागचा जोडीदाराला गाठण्यासाठी वेग वाढवतो आणि आणखी थकतो, पुढचा थांबतो आणि त्याचे पाय आखडतात.

देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही शर्यत सुटते त्याच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. परभणीच्या कोरड्या थंडीत घाम लगेच वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही, याची कल्पना आम्हाला पुरेशी नव्हती. सी-लिंकवर वारा लागला तेव्हा यांनी वेग वाढवला, मी दोनदा टोकले, पण बरोबर राहिले. ३१व्या किलोमीटरला यांच्या पोटरीत गोळा आला. मी थांबले. त्यांनी माझ्याकडे न पाहता पोटरी चोळत म्हटले, "तू हो पुढं, मी येतो." रस्त्यावर वैद्यकीय मदत होती, पाणी होते, हे शुद्धीवर आणि उभे होते. मी गेले. पेडर रोडच्या चढावर मी चालले, रडलेही, आणि पाच तास नऊ मिनिटांत ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. हे बावीस मिनिटांनी आले. मी पदक गळ्यात न घालता हातात धरून वाट पाहत होते. ते आल्यावर आम्ही दोघांनी ते एकदमच घातले.

महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. त्याआधी अनेक वर्षे हे अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही, असे मानले जाई. आता झेपते हे सर्वांना मान्य आहे, पण माझ्या पोटरीत गोळा आला असता आणि हे पुढे गेले असते, तर आत्यांनी यांना तोच प्रश्न विचारला असता, असे मला वाटत नाही.

काल आत्यांचा फोन आला, तेव्हा यांनीच तो घेतला. "आत्या, मीच जा म्हणलो तिला," हे म्हणाले, "ती माझ्यापायी थांबली असती, तर पोटरीपेक्षा त्याचंच मला जास्त दुखलं असतं." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग आत्यांनी विचारले, "पोटरी आता बरी हाय का?"